ऑपरेशनच्या तारखेआधीचं फिरणं

आमच्या लेकाच्या हृदयात जन्मापासून दोष आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, आणि फुफ्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद. आर्थर फॅलो या फ्रेंच डॉक्टरानं १८८८ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून कागदावर त्याचंच नाव असतं. त्यात आणखी दोन दोष मोडतात, पण घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही एवढंच सांगतो. काही रक्त फुफ्फुसात न जाताच अंगभर फिरतं. मग पोरगं जोरात रडलं, दमलं किंवा उन्हानं सुकलं की ओठ आणि नखं निळी पडतात. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं. त्यातल्या डॉक्टरीण बाईंनी छातीला नळी लावली आणि ती बराच वेळ उचललीच नाही, तेव्हाच मला कळलं. पुढे इको झाला, नवा रायपूरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयात नाव लागलं. तिथे पैसे भरायची खिडकीच नाही, लहान मुलांची हृदयाची ऑपरेशनं फुकट होतात. नंबर लागेपर्यंत थांबायचं होतं.

आम्ही मूल गावचे. एका अंगाला चंद्रपूर, दुसऱ्या अंगाला गडचिरोली, आणि मधे धानाच्या बांध्या आणि जंगल. थांबायच्या या काळात पोराला घेऊन आम्ही हिंडलो. सासूबाईंना ते पसंत नव्हतं. "लेकराले काऊन फिरवता उन्हातान्हात? घरातच खेळू द्या ना," हे त्यांचं पालुपद. पण दोन वर्षांच्या पोराला आपण कशाची तरी वाट बघतोय हे ठाऊक नसतं. त्याचे ते दिवस काही राखून ठेवता येत नाहीत. पुढचं सगळं आमच्या लेकरापुरतं आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं.

१. मोघम सूचना घेऊन घरी येऊ नका. "जपा" एवढंच ऐकून आलात की घरातला प्रत्येक जण आपापला अर्थ काढतो, आणि सगळ्यात घाबरट माणसाचा अर्थ चालतो. आम्ही पुढच्या खेपेला प्रश्न लिहूनच नेले. पळू द्यायचं का? पायऱ्या? गाडीचा प्रवास किती तास? पाण्यात खेळला तर? उत्तर सोपं निघालं: तो स्वतःच दमला की थांबेल, त्याला थांबवू नका आणि थांबल्यावर पळवू नका. पाणी कमी पडू देऊ नका, रक्त घट्ट होतं. ताप, जुलाब, उलट्या यांना घाबरा. औषधाची वेळ चुकवू नका.

२. बसला तर बसू द्या. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमचा पोरगा पळता पळता मधेच उकिडवा बसतो. बकरीच्या मागे धावत निघतो, दहा-बारा पावलं जातो, आणि रस्त्यात फतकल मारून नव्हे, अगदी उकिडवा, गुडघे पोटाशी घेऊन बसतो. चेहरा गंभीर. जरा वेळानं उठतो आणि पुन्हा बकरीच्या मागे. लोक हसतात, "थकला काय बाप्पा?" म्हणत हाताला धरून उठवायला येतात. उठवू नका. तसं बसलं की पायांकडचं रक्त दाबलं जातं, अंगातला दाब वाढतो आणि जास्त रक्त फुफ्फुसाकडे वळतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. जगभरची या आजाराची मुलं आपली आपण हेच करतात.

आणि झटका आलाच, म्हणजे श्वास जोरात, रंग काळा-निळा, रडणं थांबेना, तर तेच आपण करायचं: कडेवर घेऊन दोन्ही गुडघे छातीशी दाबायचे, शांत आवाजात बोलत राहायचं आणि दवाखान्याकडे निघायचं. हे आम्हाला एका सिस्टरनं शिकवलं. मी घरी मोठ्या मुलीच्या बाहुलीवर सगळ्यांकडून करून घेतलं, सासऱ्यांकडूनसुद्धा. सावली गावाच्या रस्त्याला एकदा गरज पडली. ह्यांनी गाडी धुऱ्याकडेला लावली, मी त्याला तसं धरलं, आणि रंग परत आल्यावर पुढे जेवायला न जाता गाडी सरळ दवाखान्याकडे वळवली. बरं वाटलं म्हणून सहल पुढे चालू ठेवायची नाही, यावर वाद नको.

३. आमच्याकडे वेळ निवडणं हीच मोठी डोकेदुखी. असे झटके सकाळी उठल्या उठल्या, रडताना किंवा शौचाला कुंथताना जास्त येतात, म्हणून पहाटे निघायचं नाही. दुपारी ऊन, चंद्रपूरचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो हे पेपरात वाचायची गरज नाही, अंगणातल्या फरशीवर पाय ठेवला की कळतं. संध्याकाळी म्हणावं तर मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात दिवेलागणीला रस्त्याकडेला कुणी लेकरू घेऊन थांबत नाही. वाघ इथे सफारीपुरता नाही, तो धानाच्या बांधीपर्यंत येतो. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायच्या दिवसांत तर माणसं जीव मुठीत धरून जंगलात जातात.

मग उरलं काय? दिवाळी ते होळी. तो उठला, दूध प्यायला, पोट साफ झालं, औषध गेलं, की साधारण नऊला निघायचं आणि दोनच्या आत घरी. उन्हाळ्यात सहल म्हणजे गच्ची आणि पाण्याचा टब. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

४. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. ऑक्सिजनचा सिलेंडर असलेल्या खाटेपासून किती वेळ, हे मोजा. आम्ही एक तास धरला. चंद्रपूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, गडचिरोलीला जिल्हा रुग्णालय. या दोहोंच्या मधला मुलूख आमचा. पोराला हत्तीचं वेड. कमलापूरला वन विभागाचा हत्ती कॅम्प आहे, महाराष्ट्रात असा दुसरा नाही, आणि आलापल्लीच्या पाहुण्यांचं आमंत्रणही होतं. नाही गेलो. भामरागडजवळच्या हेमलकशाचंही तेच. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, आणि कोरड्या दिवसांतही मधल्या जंगलात फोनला रेंज नसते. १०८ ला फोन लावायलाच रेंज लागते. हत्ती मोबाइलवर दाखवले. ऑपरेशननंतर खरे दाखवू.

रेंज नसली तरी चालेल असा एक कागद मात्र कायम जवळ: आजाराचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण, वजन, रक्तगट, शेवटच्या इकोची झेरॉक्स. प्लास्टिकच्या पिशवीत, गाडीच्या कप्प्यात एक आणि माझ्या पर्समध्ये एक.

५. ताडोबाची सफारी नको. पुण्या-मुंबईचे नातेवाईक आले की हटकून विचारतात, "इतक्या जवळ राहता, पोराला वाघ दाखवला की नाही?" जिप्सी एकदा आत गेली की काही तास खाली उतरता येत नाही, धूळ नाकातोंडात, आणि पोरगं रडायला लागलं तर पाच अनोळखी माणसांच्या नजरा. त्यापेक्षा मोहर्लीच्या अलीकडे इरई धरणाचं पाणी लांबून बघितलं, डबा खाल्ला आणि परत आलो.

६. जिथे बसण्यातच मजा आहे, अशी जागा शोधा. बागेत घसरगुंडी असते, तिथे बाकीची पोरं पळतात आणि हा त्यांच्यामागे लागतो. वाळू, गोटे, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठचा चिखल, सोमनाथचा झरा, इथे सगळीच पोरं बसून खेळतात. त्यांच्यात आणि याच्यात फरक राहत नाही.

यातलं आमचं सगळ्यात आवडतं ठिकाण मार्कंडा. वैनगंगेचा पूल ओलांडून चामोर्शीकडे. तिथे नदी उत्तरेकडे वळते, काठावर दगडी देवळांचा समूह, आणि हिवाळ्यात पाणी ओसरलं की लांबच लांब वाळू. खरं तर हट्ट सासूबाईंचा होता. मार्कंडेय ऋषींची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक आजीला पाठ: मृकंडूच्या या पोराला सोळाच वर्षांचं आयुष्य होतं, यम न्यायला आला तेव्हा त्यानं पिंडीला मिठी मारली आणि महादेवानं यमालाच परतवलं. ज्या घरात लेकराच्या आयुष्याची चिंता आहे, त्या घरच्या आजीला तिथे जावंसं वाटणारच. मी शिक्षिका, नवस बोलणाऱ्यांतली नाही. पण माझी अट एकच होती, महाशिवरात्रीच्या जत्रेत जायचं नाही. तेव्हा तिथे मुंगी शिरायला जागा नसते. पौषातल्या एका साध्या मंगळवारी गेलो. सासूबाईंनी त्याला पिंडीजवळ नेलं, त्यानं पिंडीवरचं बेलाचं पान उचलून तोंडात घातलं, पुजारी हसले. सासूबाई हात जोडून काय बोलल्या ते मी विचारलं नाही. नंतर मोठी मुलगी भिंतीवरच्या मूर्तींचे दागिने बघत फिरली, आणि हा वाळूत दोन तास बसून खड्डा खणत होता. नखं गुलाबी नव्हती, पण निळीही नव्हती. त्या दिवसापासून सासूबाईंचं पालुपद बंद झालं. उलट पुढच्या सुटीला "कुठे जायचं बा?" असं त्याच विचारायला लागल्या.

७. जांभळं घरीच. जूनमध्ये रस्त्याकडेला जांभळाचे ढीग लागतात, पोरांना देऊ नये असं काही नाही. पण ज्या पोराच्या ओठांचा रंग बघून आपण निर्णय घेतो, त्याला प्रवासात जांभळं देणं म्हणजे थर्मामीटर गरम चहात बुडवून ठेवणं. टेंभरं द्या.

८. थोरल्या लेकराची सहल वेगळी. आमची मुलगी चौथीत आहे. प्रत्येक सहल भावाच्या श्वासाप्रमाणे ठरते, तिला झोक्यावर बसायचं असतं तेव्हा आम्ही निघालेलो असतो. ती तक्रार करत नाही, हेच मला खुपतं. मग एकदा ह्यांनी तिला एकटीला झाडीपट्टीचं नाटक बघायला वडसाकडे नेलं. पहाटेपर्यंत चालणारं नाटक, थंडी, भोंगे, गर्दी. धाकट्यासाठी यातलं काहीच बरं नव्हतं, आणि तिला नेमकं तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवली, मी शिक्षिका असूनही.

९. मूल मारोडा स्टेशन. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरचं छोटं स्टेशन. सावली आहे, पाण्याचा नळ आहे, बाक आहे, आणि तिकीट दहा रुपयांचं. पॅसेंजर मोजक्या, पण मालगाडी आली की पोरगं उभं राहून टाळ्या वाजवतं. सुरुवातीला भोंग्याला घाबरून रडायचा, आणि रडणं आम्हाला परवडत नाही. म्हणून आधी लांबून, पुलावरून, मग फलाटाच्या टोकाला, असं करत जवळ नेलं. हा माझा हिशेब होता: रायपूरला जायचं तर याच मार्गानं गोंदियापर्यंत आणि तिथून मुख्य लाइनच्या गाडीनं. डब्यात रडून रडून निळं झालेलं पोर घेऊन मला रुग्णालयाच्या दारात पोचायचं नव्हतं.

१०. तारीख मिळाली की फिरणं बंद. सर्दी-खोकला असला तर ऑपरेशन पुढे ढकलतात. आता लग्न, बारसं, बाजार काही नाही, आणि नाक गळणाऱ्या पाहुण्याला दारातूनच रामराम. वाईट दिसतं, दिसू द्या. दात किडले असतील तर आधीच दाखवून घ्या. तोंडातले जंतू रक्तातून हृदयाला चिकटू शकतात, हे मला माहीतच नव्हतं. आपल्या भागात सिकलसेल भरपूर, म्हणून त्या तपासणीचा कागद आधीच फाइलला लावा. मच्छरदाणी तर गडचिरोलीच्या माणसाला सांगायला नकोच.

आमची तारीख आली आहे. तिकिटं काढली. गोंदियाला मधे बराच वेळ थांबायचं आहे, म्हणून सासूबाईंनी आतापासूनच चिवड्याची तयारी काढली आहे. मी म्हटलं, आई, फाइल आधी पिशवीत जाऊ द्या, चिवडा वरून ठेवू.