तैलरंगातले व्यक्तिचित्र आणि 'स्किन कलर'

एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा झाल्या की मुलांना तैलरंगात हुबेहूब चेहरा काढायची घाई होते. पण आधी कोळशाने मोजमाप शिकवा. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. मुलं ते पार कपाळात चढवतात!

पहिला थर तपकिरी रंगात टर्पेंटाइन घालून पातळ द्यावा (खिडक्या उघड्या ठेवून). वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यावं. उलट केलं तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे तडे जातात.

खरा प्रश्न त्वचेच्या रंगाचा आहे. फिकट गुलाबी खडूला मुलं 'स्किन कलर' म्हणतात. सावळी मुलगीसुद्धा स्वतःचा चेहरा त्यानेच रंगवते. हे मला फार खटकतं. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन निळा आणि पांढरा एवढ्यांतून बहुतेक सगळे वर्ण जुळवता येतात. सिएना आणि निळ्यातून तर जवळजवळ काळा होतो. लहान मुलांनी हेच पोस्टर कलरने करावं. मनगटाशेजारी रंगाचा ठिपका धरायचा, जुळेपर्यंत मिसळत राहायचं. खिडकीच्या उजेडात सावळ्या गालावरची चमक चक्क निळसर दिसते, ती मुलांना स्वतः शोधू द्या.