संख्या, अंक आणि संख्यानाम : एका मोठ्या संख्येचे उदाहरण

भाषिक चिन्हाला चिन्हक व चिन्हित असे दोन पैलू असतात, हे तुम्ही मागील घटकात अभ्यासले. 'झाड' हा ध्वनिसमूह आणि झाडाची संकल्पना यांत नैसर्गिक नाते नाही, हे आपण सहज मान्य करतो. संख्येच्या बाबतीत मात्र आपली फसगत होते. लिहिलेले अंक म्हणजेच संख्या, असे आपण धरून चालतो. हा समज एका मोठ्या पूर्ण संख्येवर तपासून पाहू.

११,११,११,१११ ही संख्या घ्या. धनादेशावर ती 'अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा' अशी लिहिली जाईल. या पदबंधात गुणाकार आणि बेरीज दोन्ही क्रिया दडलेल्या आहेत. 'अकरा कोटी' म्हणजे अकरा गुणिले एक कोटी. पुढची पदे त्यात मिळवायची. त्यासाठी 'गुणिले' म्हणावे लागत नाही की 'आणि'. केवळ पदक्रमावर काम भागते. 'अकरा' हा शब्दही मुळात संस्कृत 'एकादश'पासून, म्हणजे एक आणि दहा यांच्या समासापासून आलेला. आज ती फोड बोलणाऱ्याला जाणवतही नाही.

आता या संख्येचा वर्ग करा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, अंक तेच. (भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांनुसार हिचा पहिला अंक 'मध्य' या सतराव्या स्थानी येतो. व्यवहारातल्या मराठीला ते नाव आता परके झाले आहे.) ही सममिती पाहून कोणीही हरखून जाईल, पण ती संख्येची आहे का? आणखी एक '१' जोडून दहा एकांचा वर्ग करून पाहा : १२३४५६७९००९८७६५४३२१. सममिती मोडली. नऊ एक असताना मधल्या स्थानी बेरीज नऊ येते आणि एका अंकात मावते. दहा एक झाले की तेथे दहा येतात व हातचा पुढे सरकतो. म्हणजे ते सौंदर्य आपल्या दशमान लेखनाचे होते. हीच ११,११,११,१११ ही संख्या द्विमान पद्धतीत लिहिली, तर सत्तावीस अंक लागतात आणि ओळीने मांडलेल्या एकांचा आकृतिबंध उरत नाही.

तिचे अवयव मात्र ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे आहेत, आणि हे चारही अवयव मूळ संख्या आहेत. लिपी बदला, भाषा बदला, आधारसंख्या बदला. हे अवयव बदलणार नाहीत. येथे एक बारकावा नीट ध्यानात घ्यावा, कारण उत्तरपत्रिकांत नेमकी याच ठिकाणी गल्लत होते. अंकांची बेरीज ९ येते, म्हणून या संख्येला ९ ने भाग जातो, असे आपण म्हणतो. भाग जाणे हा संख्येचा गुणधर्म आहे. अंकांची बेरीज करून तो ओळखणे ही दशमान लेखनाने दिलेली सोय आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. आठ ही आधारसंख्या मानून लेखन केले, तर किती एकांपर्यंत वर्गाची सममिती टिकेल? कारण लिहा.
२. 'एकोणतीस' या संख्यानामात कोणती गणिती क्रिया दडलेली आहे? '२९' या अंकलेखनात ती दिसते का?