हात धुतले का, डॉक्टर?

आमच्या लहानपणी बाळंतिणीच्या खोलीत बाहेरून आलेल्या कोणालाही हातपाय धुतल्याखेरीज प्रवेश नसे. आजीच्या या नियमाला घरातील कर्ते पुरुषही अपवाद नव्हते. पुढे बालरोगतज्ज्ञ होऊन नवजात अतिदक्षता विभागात काम करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की, येथे नियम सर्वांना ठाऊक असतो. अपवाद मात्र ज्येष्ठांसाठी राखून ठेवलेला असतो.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या दोन बालकांना चार दिवसांच्या अंतराने रक्तातील जंतुसंसर्ग झाला. दोघांच्याही रक्तात क्लेब्सिएला हाच जंतू सापडला आणि तो दाद देत असलेली प्रतिजैविकेही तीच होती. पहिले बालक वाचले नाही. त्यांच्या पेट्या शेजारी-शेजारी होत्या. पहिले बालक आजारी पडले त्या सकाळी त्याला तपासत असताना मला फोन आला; तो संपवून मी तसाच शेजारच्या पेटीकडे वळलो होतो. परिचारिकेने ते पाहिले होते. नंतर ती एवढेच म्हणाली, "सर, तुम्हाला कसं सांगणार?" संसर्ग माझ्याच हातून गेला, हे सिद्ध करता येणार नाही, गेला नाही, असेही मला म्हणता येत नाही.

१८४७ मध्ये व्हिएन्ना येथे इग्नाझ सेमेलवाइस यांच्यापुढे हेच कटू सत्य उभे राहिले. शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांच्या व विद्यार्थ्यांच्या प्रसूतिकक्षात १८४६ मध्ये ११ टक्क्यांहून अधिक माता दगावल्या होत्या. सुईणींच्या कक्षात ते प्रमाण ३ टक्क्यांहून कमी होते. क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केल्यावर १८४८ मध्ये डॉक्टरांच्या कक्षातील मृत्यू दीड टक्क्याच्याही खाली आले. तरीही अनेक समव्यावसायिकांना ते पटले नाही. आपलेच हात दोषी ठरावेत, हे त्यांना कसे रुचावे?

आज अडचण ज्ञानाची नाही, सवयीची व सोयीची आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाटेजवळ अल्कोहोलयुक्त द्रावण ठेवले, भित्तिपत्रके लावली आणि निरीक्षणांचे निष्कर्ष कर्मचाऱ्यांना कळविले. १९९४ ते १९९७ या काळात हस्तस्वच्छतेचे पालन ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयजन्य संसर्गाचे प्रमाण १९९४ मधील १६.९ वरून १९९८ पर्यंत ९.९ टक्क्यांवर आले.

जागतिक आरोग्य संघटनेने हस्तस्वच्छतेचे पाच प्रसंग सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरद्रवांशी संपर्काचा संभव आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या परिसरातील वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. पाचवा प्रसंग सहज विसरला जातो, कारण पेटीचे दार किंवा यंत्राची कळ आपल्याला 'रुग्ण' वाटत नाही. द्रावण २० ते ३० सेकंद चोळावे. हात दिसण्याइतके मळले असल्यास साबण-पाणीच हवे, आणि त्यास ४० ते ६० सेकंद द्यावेत. हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नव्हे. अंगठ्या व घड्याळे बाहेरच काढून ठेवावीत.

त्या प्रसंगानंतर आम्ही प्रत्येक पेटीपाशी द्रावणाची बाटली ठेवली. परंतु खरा बदल दुसराच होता. कोणीही, कोणालाही थांबवू शकेल, आणि थांबविलेल्याने केवळ 'धन्यवाद' म्हणावे, असे ठरविले. पहिल्याच आठवड्यात साफसफाई करणाऱ्या मावशींनी मला दारातच हटकले, "हात धुतले का, डॉक्टर?" भोवतालचे निवासी डॉक्टर स्तब्ध झाले. मी आभार मानून हात धुतले. त्या दिवसापासून परिचारिकांचा संकोच हळूहळू ओसरला. कित्येक व्याख्यानांनी जे साधले नव्हते, ते त्या एका प्रश्नाने साधले.

वैद्यकबंधू-भगिनींनो, हा प्रश्न विचारण्याची मुभा आपल्या कर्मचाऱ्यांना आपणच दिली पाहिजे. आणि वाचकहो, आपल्या बाळाजवळ येणाऱ्या डॉक्टरांना आपणही तो निःसंकोचपणे विचारावा. आजी विचारीत असे, तेव्हा कोणी रागावत नसे.