शुगर आहे, मग वाइन चालेल का?

प्रश्न : माझं वय 54. गेली काही वर्षं शुगर आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ घेतो. दारूला आजवर हात लावलेला नाही. पुतण्या नाशिकला नोकरीला असतो. दिवाळीला येताना त्याने रेड वाइनची बाटली आणली. म्हणतो, ‘काका, ही द्राक्षांची आहे, गोड नाही, शुगर वाढत नाही, वर हृदयाला चांगली.’ रोज रात्री थोडी घेतली तर चालेल का?
– एक वाचक, मंगरूळपीर, जि. वाशीम

उत्तर : पुतण्या सांगतो त्यातलं साखरेचं म्हणणं बरंचसं खरं आहे. द्राक्षांच्या रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि तिचं अल्कोहोल होतं. म्हणून ‘ड्राय’ वाइनमध्ये लिटरमागे साखर उरते ती साधारण 4 ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. गोड पोर्ट वाइनचा हिशेब मात्र निराळा. तिच्यात लिटरमागे 100 ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते. तेव्हा नुसतं ‘वाइन’ म्हणून भागत नाही, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचावं लागतं.

पण तुम्ही घेता ती गोळी पाहता मला काळजी वाटते ती शुगर वाढण्याची नाही, उतरण्याची. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. रात्री पोट रिकामं झालं की रक्तातली साखर सांभाळण्याचं काम यकृताकडे येतं. साठवलेली साखर ते सोडतं आणि संपत आली की नवी तयार करतं. अल्कोहोल पोटात गेलं की यकृत आधी त्याचा निकाल लावायला बसतं, आणि नवी साखर बनवणं मागे पडतं. एकीकडे गोळी साखर खाली ओढते, दुसरीकडे यकृताचा आधार सुटलेला. हा परिणाम लगेच दिसेलच असं नाही. काही तासांनी, पहाटे, कधी दुसऱ्या दिवशीही शुगर उतरू शकते.

आपल्याकडचे सोयाबीन सोंगणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. दिवसभर वावरात राबणं, दुपारची भाकर घाईघाईत, संध्याकाळी थकून घरी. यकृतातला साठा अशा दिवशी आधीच तळाला गेलेला असतो. एकादशी-चतुर्थीच्या उपासाचंही तेच. अशा रात्री गोळी घेऊन वर वाइन घेतली तर घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, तोल जातो. तोंडाला वास असतोच. घरचे म्हणतात, ‘चढली वाटते, झोपू द्या.’ मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते. त्या माणसाला त्या क्षणी झोपेची नाही, साखरेची गरज असते.

आता ‘थोडी’ म्हणजे किती? वाइनचा ग्लास 150 मिलिलिटरचा धरतात. त्यात सुमारे 14 ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचा जवळपास दीड छोटा पेग. आपल्या घरात वाइनचे ग्लास नसतात. पाणी प्यायचा स्टीलचा पेला असतो, आणि त्यात 250 मिलिलिटर सहज मावतं. तो भरून घेतला तर अडीच पेग झाले. जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं जाहीरपणे बोललं गेलं. द्राक्षबागायतदारांच्या भल्याचा विचार त्यामागे असेल, पण यकृताला हा फरक कळत नाही.

हृदयाबद्दलचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेह असलेल्या आणि दारू न पिणाऱ्या 224 जणांना दोन वर्षं रात्रीच्या जेवणासोबत 150 मिलिलिटर रेड वाइन, व्हाइट वाइन किंवा साधं मिनरल वॉटर दिलं. निष्कर्ष 2015 साली आले. रेड वाइनवाल्यांचं चांगलं कोलेस्ट्रॉल वाढलं, पण सुमारे 2 अंकांनी. साखरेतला फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. अल्कोहोल सावकाश पचवणाऱ्या जनुकाच्या लोकांनाच तो ठळक दिसला. शिवाय प्रयोगातल्या लोकांची शुगर आधीच आटोक्यात होती, माप ठरलेलं होतं, आहार आखून दिलेला होता आणि तपासण्या चालू होत्या. त्यातच 2023 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं की दारूचं कोणतंही प्रमाण प्रकृतीला सुरक्षित म्हणता येत नाही. कर्करोगाचा धोका पहिल्या थेंबापासून सुरू होतो. दोन अंकांसाठी हा सौदा मला पटत नाही. रोज तासभर पायी चालणं केव्हाही बरं.

ओघात आणखी एक. ‘वाइन नको, मग द्राक्षासव घेतो’ असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. द्राक्षासवात आंबवताना तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं, आणि गूळ किंवा साखर घातल्यामुळे ते गोडही असतं. शुगर असलेल्याने ते वैद्यांना आपल्या गोळ्या दाखवल्याशिवाय घेऊ नये.

तेव्हा तुम्हाला माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. जे आजवर घेतलं नाही ते औषध म्हणून सुरू करू नका.

जे आधीपासून घेतात आणि एकदम सोडू शकत नाहीत, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. गोळी बदलता येते, आणि सोडायलाही मदत मिळते. तोवर उपाशीपोटी घेऊ नका, जेवण टाळू नका, झोपण्याआधी ग्लुकोमीटरवर शुगर पाहा आणि घरातल्या एकाला तरी सगळं समजावून ठेवा. आकडा 70 च्या खाली गेला आणि माणूस शुद्धीवर असला तर लगेच साखरेचं पाणी द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खाऊ घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर झोपवा, 108 ला फोन लावा आणि ‘शुगरचा पेशंट आहे, दारू घेतली आहे’ हे दोन्ही सांगा.