घराचे अंगण

मुलांनो, मराठीतील 'अंगण' म्हणजेच उर्दूतील 'आंगन' किंवा 'सहन'. ज्या आजीआजोबांना लांब चालवत नाही, त्यांना मोकळी हवा अंगणातच मिळते. म्हणून तेथे बसावेसे वाटले पाहिजे.

आधी सावलीचा विचार करा. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे कलतो. म्हणून पश्चिम बाजूला कडुनिंब लावा. मात्र भिंतीपासून दूर लावा. पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. त्यामुळे झाडाखाली गारवा वाटतो.

सगळीकडे फरशी घालू नका. ती उन्हाने तापते आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरू देत नाही. जमिनीला घराकडून झाडाकडे थोडा उतार द्या.

बसण्यासाठी गुडघ्याइतका उंच ओटा बांधा. त्यावरून उठताना म्हाताऱ्या माणसांना त्रास होत नाही. जवळच मोगरा लावा. संध्याकाळी तो दरवळतो.

अंगण लहान असेल, तर एक बाक व दोन कुंड्याही पुरेत. जागा तयार झाली, की तेथे आधी कोणाला बसवाल?

शब्दार्थ : मुरणे – आत झिरपणे, ओटा – चबुतरा, दरवळणे – सुगंध पसरणे.

प्रश्न : अंगणात सगळीकडे फरशी का घालू नये?