वरण बंद करू नका

नांदेड

चि. बाळू,

तुझा निरोप वाचला. पेशंटचे पाय सुजलेत, लघवीला फेस येतो, किडनीच्या बायोप्सीत ‘अमायलॉइड’ निघालंय आणि घरच्यांनी तिचं वरण बंद केलंय. अंगात प्रोटीन साचतंय एवढंच त्यांच्या कानावर पडलं, की लगेच डाळ तोडली. लातूरसारख्या तुरीच्या गावात ही शिक्षाच! आधी ती उठव. साचणारं प्रथिन ताटातून येत नाही, ते शरीरातच तयार होतं. त्याची घडी चुकते, मग ते विरघळत नाही, त्याचे तंतू होतात आणि किडनी, हृदय, यकृत, नसा यांत अडकून बसतात. लघवीतून जातं ते मुख्यतः रक्तातलं अल्ब्युमिन. मीठ कमी करायला सांग, वरण-भात राहू दे.

निदान झालं, आता पुढे काय, असं तू विचारतोस. अरे, निदान अर्धंच झालंय. तिसाहून जास्त प्रथिनं असे तंतू बनवू शकतात आणि कोणतं प्रथिन यावर उपचार ठरतो. तेव्हा रिपोर्टवरच्या एका शब्दावर समाधान मानू नकोस.

आपल्याकडे पहिली शंका जुन्या टीबीची घ्यायची. टीबी, कुष्ठरोग, संधिवात, हाडात मुरलेला पू, असं काही वर्षानुवर्षं धुमसत राहिलं की यकृत एक प्रथिन भरमसाट तयार करतं, तेच पुढे किडनीत साचतं. आता हा इतिहास सरळ विचारून मिळत नाही. सासरच्या चार माणसांसमोर “टीबी झाला होता का?” म्हटलंस तर बाई नाहीच म्हणणार. एकटीला गाठून विचार, कधी सहा महिने गोळ्या चालू होत्या का, आणि ऊसतोडीला गेल्यावर त्या मध्येच सुटल्या का. दिवाळीनंतर कारखान्याच्या पट्ट्यात गेलेली माणसं उन्हाळा लागल्यावर परततात, तेवढ्यात कोर्स मोडलेला असतो. इथे मूळ आजार आटोक्यात आणणं हाच उपचार.

दुसरा प्रकार अस्थिमज्जेतला. तिथल्या प्लाझ्मा पेशी बिघडून लाइट चेन, म्हणजे अँटिबॉडीचे तुकडे, ओततात. जीभ सुजून तिच्या कडेला दातांचे ठसे, डोळ्यांभोवती जांभळे डाग दिसले तर थांबू नकोस, कारण हृदयात शिरलेला हा प्रकार महिन्यांत माणूस नेतो. बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फामाइड, डेक्सामिथासोन आणि परवडलं तर डाराटुमुमॅब, असा तो मार्ग. तिसरा बहुतेक म्हाताऱ्या पुरुषांचा: ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचा. इकोत हृदयाच्या भिंती जाड, पण ईसीजीच्या रेघा बुटक्या, आणि काही वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं ऑपरेशन झालेलं. अशा वयात लाइट चेन थोड्या वाढलेल्या अनेकदा सापडतात. तेवढ्यावर केमो सुरू केली तर नको त्या रोगाचं औषध गेलं म्हणून समज.

माझ्या टेबलावरची गोष्ट सांगते. स्लाइड रोजच्या रंगात गुलाबी, गुळगुळीत दिसते, त्यावरून खात्री होत नाही. तिला काँगो रेड लावायचा. हा मुळात कापसाचा रंग, 1883 मध्ये जर्मनीत निघाला, तुरटीबिरटी न लावता सूत रंगवायचा. उस्मानशाही कापडगिरणीच्या गावात राहून मला याची गंमत वाटते. 1922 मध्ये बेनहोल्डने दाखवलं की तो अमायलॉइडलाही धरतो. ध्रुवीकृत प्रकाशात बघितलं की लाल भाग कच्च्या सफरचंदासारखा हिरवा चमकतो. पण हा रंग आम्ही प्रत्येक स्लाइडला लावत नाही. वॉर्डातून शंका लिहून आली तर लावतो. फॉर्मवर नुसतं ‘सूज’ लिहिणाऱ्यांचा मला राग येतो, तू तरी तसं करू नकोस.

रक्त-लघवीच्या लाइट चेन पाठव, छातीचा एक्स-रे काढ, इको करून घे. प्रथिन ओळखायला बायोप्सीचा मेणातला ब्लॉक मुंबईला धाडावा लागेल, त्याआधी एकदा मी बघते. इकडे कुणी येणार असेल तर त्याच्याच हाती दे. एसटीच्या पार्सलात टाकू नकोस, या उन्हात मेण मऊ पडतं.

तुझी,
आत्या