गळ्याच्या ग्रंथीची गोळी

आमच्या वर्गाला एक काकू येतात. एकदा त्यांनी पिशवीतून औषधाची बाटली काढली. म्हणाल्या, "आता अंक येतात मला. वाचून दाखवू?" बाटलीवर १०० हा आकडा होता. तो त्यांनी बरोबर वाचला आणि एकदम गप्प झाल्या. डॉक्टरांनी त्यांना २५ ची गोळी दिलेली होती. १०० ची गोळी त्यांच्या सुनेची!

दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असत. दिसायलाही सारख्या. दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या जागा बदलल्या. तीन आठवडे सासूची गोळी सून घेत होती आणि सुनेची सासू. काकूंच्या छातीत धडधड होई, हात कापत, रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. त्यांना वाटले, काळजीमुळे होते. सुनेला तिसरा महिना होता. ती सारखी थकून बसे. घरची माणसे म्हणत, दिवस गेलेत, थकायचेच.

आम्ही त्याच दिवशी दोघींना दवाखान्यात नेले.

ही गोळी कशाची, ते आधी पाहू. आपल्या गळ्यात, पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉईड म्हणतात. तिच्यातला रस रक्तात मिसळतो. चुलीत जाळ कमी पडला तर भात लवकर शिजत नाही. तसेच हा रस कमी पडला की शरीराचे काम मंदावते. अंग जड होते, थंडी जास्त वाजते, शौचाला साफ होत नाही, बायकांची पाळी बिघडते. ही कमी भरून काढायला गोळी देतात. पण जाळ फार झाला तर भात करपतो, हेही खरे. गोळी जास्त झाली की हृदयावर ताण येतो आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. म्हणून बारीक होण्यासाठी दुसऱ्याची गोळी घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

कित्येकांना ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. त्याला भिऊ नका. १८९१ साली इंग्लंडात डॉक्टर मरे यांनी एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क दिला. तेव्हा गोळ्या नव्हत्या. ती बाई हे औषध घेत पुढे २८ वर्षे जगली.

या गोळीची एक खोडी मात्र लक्षात ठेवा. तिचा गुण सावकाश येतो आणि सावकाशच जातो. आज घेतलेले औषध आठवड्यानेही निम्मे अंगात असते. त्यामुळे गोळी सोडली तरी चार दिवस काही कळत नाही. माणसाला वाटते, मी बरा झालो! इथेच पुष्कळजण फसतात. नुसत्या वाटण्यावर जाऊ नका. रक्त तपासल्यावरच खरे कळते. गोळीचे माप बदलले, तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासतात. माप वाढवणे, कमी करणे डॉक्टरांचे काम.

गोळी सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहासुद्धा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. आपल्याकडे हेच अवघड जाते, आम्हाला माहीत आहे! रक्तवाढीची लोहाची गोळी किंवा कॅल्शियमची गोळी यांच्यात चार तासांचे अंतर ठेवा, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. एखाद्या दिवशी विसरलात, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. बाटली चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका.

गरोदर बाईने तर गोळी मुळीच सोडू नये. दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे, कारण तेव्हा बहुधा जास्त गोळी लागते. पहिले काही महिने बाळ आईच्याच रसावर अवलंबून असते. त्याच्या मेंदूची वाढ त्यावर होते.

डॉक्टरांनी काकूंची नाडी मोजली, दोघींचे रक्त तपासायला पाठवले आणि गोळ्यांची मापे ठरवून दिली. सुनेला थोड्या थोड्या आठवड्यांनी रक्त तपासायला बोलावले. छातीत दुखले किंवा दम लागला, तर थांबू नका, लगेच या, असे काकूंना बजावले.

आता दोन बाटल्या दोन फळ्यांवर असतात. काकूंनी स्वतःच्या हाताने कागदावर आपले नाव आणि खाली आकडा लिहून बाटलीला चिकटवला आहे. अक्षर जरा वाकडे आहे, पण दारातूनही वाचता येते.